हिरव्या तळ्याकाठी कुत्र्याचा पट्टा का सोडू नये

वारा पडलेला, ऊन तापलेलं आणि तळ्याच्या एका कोपऱ्यात पोपटी साय धरलेली. अशा पाण्यात माणूस आणि त्याचा कुत्रा दोघंही उतरले, तर माणसाचं बहुधा खाज, पुरळ, फार तर पोट बिघडणं यावर निभावतं. कुत्रा मात्र त्याच संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. पाणी एक, विष एक. मग एवढा फरक का पडतो?

कुत्र्याचं वजन कमी, हे एक कारण आहेच. पण मोठमोठे, धिप्पाड कुत्रेही यात गेले आहेत, तेव्हा नुसत्या वजनावर बोट ठेवून चालत नाही. खरी मेख कुत्र्याच्या वागण्यात आहे. माणूस पोहताना तोंड मिटून घेतो, घाण दिसली की बाजूला होतो. कुत्रा काठावरूनच पाण्यात घुसतो आणि वाऱ्यानं ढकललेली साय नेमकी काठालाच जमलेली असते. तो तहान लागली म्हणून पितो, तोंड उघडं ठेवून पोहतो, चेंडू तोंडात धरताना त्यासोबत पाणीही गिळतो. बाहेर आला की अंग झटकतो, आणि मग निवांत बसून अंग चाटायला लागतो. हे चाटणं सर्वांत वाईट. दाट केसांत अडकलेला हिरवा राडा तो एका बैठकीत जिभेनं पुसून पोटात घालतो. पाण्यात विरळ असलेलं विष केसांवर घट्ट होऊन बसलेलं असतं. म्हणजे जेमतेम पाच मिनिटं पाण्यात राहिलेल्या कुत्र्याच्या पोटातही घातक मात्रा जाऊ शकते, आणि तीही पाण्याबाहेर आल्यावर.

आता हे विष बनवतं कोण? आपण ज्याला नील-हरित शेवाळ म्हणतो ते प्रत्यक्षात जीवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे म्हणून ते हिरवे दिसतात. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरला तो मुख्यतः यांच्याच पूर्वजांनी, दोन अब्ज वर्षांहूनही आधी. तेव्हा तळ्यावर धावत सुटलेला कुत्रा ज्या हवेत धापा टाकतो, तिचं देणंही यांच्याकडेच जातं. जवळपास प्रत्येक तळ्यात ते थोडेफार असतात आणि थोडे असेपर्यंत कुणाला त्रास देत नाहीत. गडबड होते ती त्यांची संख्या अफाट वाढते तेव्हा. पाणी कोमट, साचलेलं आणि पोषक द्रव्यांनी भरलेलं असेल तर काही दिवसांतच ही वाढ होते.

यातल्या पोषक द्रव्यांबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात निव्वळ संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मध्यभागी पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला. एका भागात त्याबरोबर फॉस्फरसही घातला. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला आणि दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेल्या छायाचित्रात पडद्याची रेघ आणि दोन्ही बाजूंचे दोन रंग लख्ख दिसतात. बऱ्याच सायनोबॅक्टेरियांना नायट्रोजन हवेतून घेता येतो, फॉस्फरस मात्र घेता येत नाही. शेतातून वाहून आलेलं खत, शेण, सांडपाणी यांतून तो मिळाला की त्यांची चंगळ होते. म्हणूनच शेतांच्या उतारावरची, गोल्फच्या मैदानांमधली किंवा वस्तीचं पाणी जिथं उतरतं ती तळी जास्त जोखमीची.

यांच्यापैकी अनेक जातींच्या पेशींमध्ये वायूनं भरलेल्या अगदी सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर हे जीव वर तरंगतात. रात्रभर वारा नसेल तर खोल पाण्यात पसरलेले सगळे सकाळपर्यंत पृष्ठभागावर येतात, आणि मग हलकीशी झुळूकही त्यांना एका काठाला लोटते. तळ्याच्या मध्यावरच्या पाण्याच्या तुलनेत काठाच्या साईत त्यांची दाटी हजारपटीनं जास्त असू शकते. काल स्वच्छ दिसलेला काठ आज हिरवा, आणि पलीकडचा काठ निर्मळ, असं होतं ते यामुळेच. तळ्याच्या पाण्याचा नमुना तपासला आणि ठीक निघाला, या बातमीचा अर्थही तो नमुना कुठून घेतला होता त्यावर ठरतो.

विषं अनेक आहेत, पण कुत्र्यांच्या बाबतीत दोन प्रकार लक्षात ठेवावेत. एक यकृतावर जाणारं, दुसरं नसांवर.

यकृतावर जाणाऱ्या विषांमध्ये मायक्रोसिस्टिन सर्वांत जास्त आढळतं. त्याची रचना सात अमिनो आम्लांच्या कड्यासारखी असते. हे कडं पोटातल्या पाचक रसांनी तुटत नाही आणि पाणी उकळूनही तुटत नाही. आतड्यातून रक्तात गेल्यावर ते सगळ्या शरीरात सारखं पसरत नाही. पित्ताचे क्षार आत घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जी वाहक प्रथिनं असतात, त्यांच्याच आधारानं ते यकृतात शिरतं. आत गेल्यावर ते काही महत्त्वाची एन्झाइम बंद पाडतं. त्यामुळे पेशीचा आकार धरून ठेवणारा आतला सांगाडा ढासळतो, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि यकृतात रक्त साकळू लागतं. बाहेरून दिसतं ते एवढंच: कुत्रा उलट्या करतो, जुलाब होतात, खायला तोंड लावत नाही, मलूल पडून राहतो. मग हिरड्या पांढुरक्या होतात, पुढे पिवळेपणा येतो, शौचातून रक्त पडतं, रक्तातली साखर उतरते, झटकेही येऊ शकतात. हे सारं काही तासांपासून काही दिवसांत घडतं. फसगत सुरुवातीलाच होते. पहिली दोन लक्षणं काहीतरी अरबटचरबट खाल्लेल्या कुठल्याही कुत्र्याची असतात. मालक म्हणतो, एक दिवस उपाशी ठेवू, उद्या बघू. त्या एका दिवसात यकृत हातचं गेलेलं असतं.

नसांवर जाणारं अ‍ॅनाटॉक्सिन असली उसंत देत नाही. नस स्नायूला आकुंचन पावायला सांगते ती अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून, आणि काम झालं की शरीर ते रसायन लगेच मोडून टाकतं. अ‍ॅनाटॉक्सिन त्याच रसायनाची जागा घेतं, पण शरीराला ते तसं मोडता येत नाही. स्नायूला हुकूम सुटतच राहतो. आधी थरथर, लाळ, अडखळती चाल, ताठरलेले पाय, झटके. आणि मग थकून गेलेला स्नायू कामच करेनासा होतो. श्वासाचे स्नायू थांबले की सगळं संपलं. हे मिनिटांत सुरू होऊ शकतं. काही कुत्रे गाडीपर्यंतही पोचलेले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्याला ही विषं प्रयोगशाळेत वेगळी केली जात होती, तेव्हा त्यांची रचना कळण्याआधी मायक्रोसिस्टिनला ‘जलद मृत्यू घडवणारा घटक’ आणि अ‍ॅनाटॉक्सिनला ‘अतिजलद मृत्यू घडवणारा घटक’ अशी कामचलाऊ नावं दिली गेली होती. शास्त्रज्ञ एरवी इतकं सरळ बोलत नाहीत.

याच गटातलं तिसरं एक विष आहे, ग्वानिटॉक्सिन. ते अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइमच अडवतं. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नेमकं हेच करतात, त्यामुळे लक्षणंही विषबाधा झालेल्या शेतमजुरासारखीच: तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं.

हे सगळं काही नव्यानं उद्भवलेलं संकट नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराबद्दल लिहिलं होतं. हिरव्या तैलरंगासारखी जाड साय वाऱ्यानं काठाला लागली होती आणि तिथं पाणी प्यायलेली मेंढरं, घोडे, डुकरं, कुत्रे मरत होते. कुत्र्याला मरायला चार ते पाच तास लागतात, असंही त्यांनी नोंदवलं. १९८९ साली इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या मोठ्या जलाशयाच्या काठी मेंढ्या आणि कुत्रे मेले, तेव्हा या विषयाकडे युरोपाचं लक्ष गेलं. बदललं आहे ते प्रमाण. उन्हाळे लांबले, पाणी जास्त काळ कोमट राहू लागलं, खत आणि सांडपाणी वाढलं.

मग ओळखायचं कसं? पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखा तवंग, पाण्यात बारीक हिरव्या कण्या, निळसर किंवा मोरपंखी रेघा, काठाच्या दगडांवर वाळलेलं पांढरट-निळं कवच: यांतलं काहीही दिसलं की मागे फिरावं. रंग हिरवाच असेल असंही नाही. तपकिरी आणि लालसर तवंगही असतात. उलट, टिकलीएवढ्या सुट्या पानांची पाण्यावर पसरलेली हिरवी चादर दिसली तर ती बहुधा डकवीड नावाची साधी पाणवनस्पती असते. लांब काडीनं उचलून पाहिलं तर साधं तंतुमय शेवाळ केसांच्या बटेसारखं काडीला लोंबतं. काडी नुसतीच रंगात बुडवल्यासारखी माखून वर आली तर संशय पक्का. दुसरी रीत बरणीची. हातमोजे घालून पारदर्शक बरणीत तळ्याचं पाणी भरायचं आणि रात्रभर न हलवता ठेवायचं. हिरवा थर वर आला तर सायनोबॅक्टेरिया असण्याची शक्यता मोठी, तळाला बसला तर साधं शेवाळ.

या युक्त्या उपयोगाच्या आहेत, पण मी त्यांच्यावर कुत्र्याचा जीव टाकणार नाही. त्या फक्त जीव कोणता ते सांगतात. तो या घडीला विष बनवतो आहे की नाही, हे सांगत नाहीत. एकाच जातीचे काही वाण विष बनवतात, काही बनवत नाहीत, आणि दोन्ही एकाच तळ्यात शेजारी शेजारी राहतात. सूक्ष्मदर्शकाखालीही ते सारखेच दिसतात. विष आहे की नाही हे प्रयोगशाळेतली तपासणीच सांगते, आणि तिचा निकाल येईपर्यंत फिरण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

त्याहून कठीण गोष्ट म्हणजे पाणी काचेसारखं स्वच्छ असतानाही धोका असू शकतो. काही सायनोबॅक्टेरिया तरंगत नाहीत. तळाच्या दगडांवर, पाणवनस्पतींवर काळपट-तपकिरी, मखमली थर धरून वाढतात. हे थर सुटून काठाला येतात, वाळतात, त्यांना कुबट वास येतो, आणि तो वास कुत्र्यांना ओढून नेतो. न्यूझीलंडच्या नद्यांवर कुत्रे गेले ते असे थर खाऊन. २०१७ साली बर्लिनच्या टेगेल सरोवराकाठी कुत्रे मेले तेव्हाही पाण्यावर साय नव्हती. पाण्यात वाढणाऱ्या मॉसवर राहणाऱ्या सायनोबॅक्टेरियांनी अ‍ॅनाटॉक्सिन बनवलं होतं आणि ते मॉस काठाला लागलं होतं. २०२० साली अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात, वाहत्या नदीत खेळलेलं कुत्र्याचं पिल्लू गेलं. वाहतं पाणी, निवळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा ठोकताळा इथं कामाचा नाही. बरणीची युक्तीही इथं निरुपयोगी.

आणखी काही समजुती धोक्याच्या आहेत. ‘बदकं पोहताहेत, मासे जिवंत आहेत, म्हणजे पाणी बरं असणार.’ तसं नाही. कुठल्या प्राण्याला किती विष बाधतं आणि तो ते किती गिळतो, हे निरनिराळं असतं. ‘शेजाऱ्यांचा कुत्रा कालच इथं पोहला.’ काल वारा दुसरीकडून होता. ‘पाटी लावलेली नाही.’ पाटी लागते ती कुणी पाहिलं, कळवलं, तपासलं त्यानंतर. लहान तळी तर कुणी तपासतच नाही. आणि जिथं तपासणी होते तिथंही मर्यादा माणसाचा हिशोब करून ठरवलेली असते. पोहण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन लिटरला २४ मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा तिच्यासमोर पाव लिटर पाणी गिळणारं १५ किलोचं मूल असतं. केसांतली साय चाटून काढणारा प्राणी त्या गणितात कुठंच नाही.

पाण्यात औषध मारून शेवाळ मारलं की प्रश्न मिटला, असंही वाटतं. मोरचूद टाकला की हिरवा रंग खरंच जातो. पण विष मुख्यतः पेशींच्या आत असतं. पेशी एकदम फुटल्या की ते सगळं पाण्यात मोकळं होतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ साली धरणाच्या पाण्यात असाच मोरचूद टाकला गेला आणि काही दिवसांत शंभराहून जास्त माणसं आजारी पडली, त्यांतली बहुतेक मुलं. रंग गेलेलं पाणी रंग असलेल्या पाण्याहून घातक ठरलं.

समजा, सगळं माहीत असूनही कुत्रा सुटला आणि साईत लोळून आला. आता पहिलं काम म्हणजे त्याला अंग चाटू द्यायचं नाही. पट्टा आखूड धरा, तोंडाला जाळी असेल तर ती घाला. नळाच्या किंवा बाटलीतल्या स्वच्छ पाण्यानं ताबडतोब धुवा. पोटाखालचे केस, पंजांच्या फटी, शेपूट, मिशा यांत राडा अडकून राहतो. मिळाले तर हातमोजे घाला, कारण तुमच्या कातडीलाही ते चांगलं नाही. धुतानाच कुणाला तरी पशुवैद्याला फोन लावायला सांगा. लक्षणं दिसण्याची वाट बघायची नाही. लक्षणं सुरू झाली असतील तर धुण्यात रेंगाळू नका, ओल्या टॉवेलात गुंडाळा आणि निघा.

घरी मीठ पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. मिठाची स्वतःचीच विषबाधा होते, आणि झटके येत असलेल्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याला उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. उलटी काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. डॉक्टरांना मोघम ‘पोट बिघडलंय’ असं सांगू नका. ‘अमुक वाजता हिरव्या पाण्यात होता, इतका वेळ होता, प्यायला, अंग चाटलं’ असं सांगा. तळ्याचा फोटो दाखवा, उलटीचा नमुना पिशवीत घ्या. ही लक्षणं इतर अनेक विषबाधांतही दिसतात. पाण्याचा उल्लेख झाला नाही तर त्या दिशेनं कुणी विचारही करणार नाही.

दवाखान्यात काय होतं, तेही माहीत असलेलं बरं. मायक्रोसिस्टिन आणि अ‍ॅनाटॉक्सिन या दोन्हींवर उतारा नाही. आतड्यात उरलेलं विष शोषून घेण्यासाठी सक्रिय कोळसा देतात. काही ठिकाणी कोलेस्टायरामीन देऊन पाहतात. ते आतड्यात विषाला धरून ठेवतं आणि पित्तावाटे पुन्हा पुन्हा यकृतात जाऊ देत नाही. बाकी सगळी मदत शरीराला तगवून धरण्यासाठी असते: सलाईन, ग्लुकोज, रक्त गोठावं म्हणून प्लाझ्मा आणि ‘के’ जीवनसत्त्व, झटक्यांवर औषध, श्वास थांबत असेल तर यंत्राचा आधार. दोन विषांत एक विचित्र फरक आहे. अ‍ॅनाटॉक्सिन झपाट्यानं मारतं, पण कुत्रा वेळेत पोचला आणि त्याचा श्वास यंत्रानं चालू ठेवता आला, तर विष उतरल्यावर नसा सावरू शकतात. मायक्रोसिस्टिन वेळ देतं, आणि बहुतेक वेळा तो वेळ घरी वाट बघण्यात जातो. यकृत निकामी झाल्यावर वाचणारे कुत्रे थोडे. म्हणून मी म्हणेन, लक्षणं सौम्य आहेत म्हणून धीर धरणं हा यातला सर्वांत महागात पडणारा निर्णय.

रोजच्या फिरण्यात काय करायचं, हे त्यामानानं सोपं आहे. सोबत प्यायचं पाणी न्या आणि तळं येण्याआधीच कुत्र्याला पाजा. तहान भागलेला कुत्रा तळ्याकडे कमी धावतो. काठ नीट न्याहाळेपर्यंत पट्टा सोडू नका. चेंडू पाण्यात फेकण्याच्या खेळाला उन्हाळ्यात सुट्टी द्या. लॅब्रॅडॉरसारख्या पाणवेड्या जाती बाळगणाऱ्यांना हे जड जाईल, पण सर्वांत जास्त पाणी याच खेळात गिळलं जातं. ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातलं टाकायची सवय लावलेली असेल, तर काठावर पडलेल्या थरांच्या बाबतीत ती जीव वाचवू शकते. हिरवं पाणी दिसलं तर स्थानिक प्रशासनाला कळवा, म्हणजे निदान पाटी तरी लागेल.

साय नाहीशी झाली म्हणून दुसऱ्याच दिवशी परतू नका. ती मरून गेली असेल तर पेशींतलं विष नुकतंच पाण्यात उतरलेलं असतं, आणि ते विरघळून मोडायला कधी दिवस, कधी आठवडे लागतात. पाणी ओसरल्यावर काठाच्या दगडांवर राहिलेली वाळकी खपली तर कित्येक महिने विषारी राहू शकते. पाण्यात न उतरलेला कुत्राही ती चावू शकतो.